भूमिगत, मंत्री आणि पुन्हा भूमिगत: जॉर्ज बिदोचं नेमकं काय झालं?

१९६२ साली फ्रान्सचे पोलीस ज्यांच्या मागावर होते, त्यांत एक नाव चक्रावून टाकणारं होतं: जॉर्ज बिदो. हा गृहस्थ दोनदा देशाचा सरकारप्रमुख होऊन गेला होता. परराष्ट्रमंत्री म्हणून मॉस्कोत स्टालिनसमोर बसला होता. आणि त्याच्याही आधी, फ्रान्स नाझींच्या टाचेखाली असताना, देशातल्या सगळ्या भूमिगत संघटनांच्या शिखर परिषदेचा तो अध्यक्ष होता. त्या परिषदेचं नाव होतं राष्ट्रीय प्रतिकार परिषद.

आता फरार झाल्यावर त्यानं नवी परिषद उभी केली. तिचं नावही राष्ट्रीय प्रतिकार परिषदच, अक्षराचाही फरक नाही. पहिली परिषद हिटलरच्या सैन्याविरुद्ध होती. दुसरी होती जनरल द गॉलविरुद्ध, म्हणजे पहिल्या परिषदेनं ज्याला आपला नेता मानलं होतं त्याच माणसाविरुद्ध.

उतारवयात माणसाचं डोकं फिरलं, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येतं आणि बरेच जण तसं मिटवतातही. मला ते पटत नाही. बिदोचा १९६२ चा युक्तिवाद आणि १९४३ चा युक्तिवाद जवळजवळ सारखाच होता. एकदा त्या युक्तिवादानं देश वाचवला आणि दुसऱ्यांदा त्यानंच बिदोला बॉम्ब फोडणाऱ्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी एक गाठ सोडवावी लागते: एखादं सरकार कायद्यानं बसलेलं असूनही त्याला राज्य करण्याचा हक्क नसतो, असं होऊ शकतं का?

कागद चोख, पण...

मे-जून १९४० मध्ये सहा आठवड्यांत फ्रान्स कोसळला. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला ८४ वर्षांचा मार्शल पेताँ पंतप्रधान झाला आणि त्यानं जर्मनीशी शस्त्रसंधी केली. पॅरिस, उत्तरेकडचा मुलूख आणि अटलांटिकचा किनारा जर्मनांच्या ताब्यात गेला. दक्षिणेतल्या व्हिशी नावाच्या गावी, जिथं लोक एरवी औषधी झऱ्यांचं पाणी प्यायला जायचे, तिथं फ्रेंच सरकारनं बिऱ्हाड थाटलं. १० जुलै १९४० ला तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत संसद भरली आणि तिनं पेताँला सर्वाधिकार देऊन टाकले. ठरावाच्या बाजूनं ५६९ मतं, विरोधात ८०.

म्हणजे बंड झालं नाही, रणगाड्यांनी संसदेला वेढा घातला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांनी हात वर करून प्रजासत्ताक गुंडाळलं. हाउसिंग सोसायटीच्या सभेत दारात गुंड उभे असताना सगळ्यांच्या सह्या झाल्या, तर रजिस्टर चोख दिसतं. पण म्हणून त्या सभेनं सोसायटीची गच्ची विकली हे तुम्ही मान्य कराल का? व्हिशीचा प्रश्न नेमका हाच होता. कागद बरोबर होता आणि देश हरलेला होता. शत्रूचं सैन्य अर्ध्याहून जास्त मुलखावर बसलं होतं, आणि ज्या जनतेच्या नावानं हे चाललं होतं तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

उलट बाजूला द गॉल. लंडनला पळून गेलेला, फारसा कोणाला माहीत नसलेला एक सेनाधिकारी. १८ जून १९४० ला त्यानं बीबीसीवरून लढत राहण्याची हाक दिली. व्हिशीच्या लष्करी न्यायालयानं ऑगस्टमध्ये त्याला त्याच्या गैरहजेरीत देहदंडाची शिक्षा ठोठावली. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे पेताँ राष्ट्रप्रमुख होता आणि द गॉल गुन्हेगार. प्रतिकाराचा सगळा डोलारा हे पुस्तकच खोटं आहे या एका दाव्यावर उभा होता.

इतिहासाचा मास्तर

बिदोचा जन्म १८९९ चा. पेशानं इतिहासाचा शिक्षक. पॅरिसच्या नामांकित लुई-ल-ग्राँ शाळेत शिकवायचा आणि 'लोब' नावाच्या छोट्या कॅथलिक दैनिकात अग्रलेख लिहायचा. १९३८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरच्या हातावर ठेवला, तेव्हा फ्रान्समधल्या बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बिदोनं त्या कराराविरुद्ध लिहिलं. १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला, वर्षभरानं सुटला आणि लियाँ शहरात पुन्हा शिकवू लागला.

प्रतिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूल उडवणारी, रेल्वेचे रूळ उखडणारी माणसं येतात. ती होतीच. पण चळवळीचा मोठा भाग कागदाचा होता: बातम्या गोळा करणं, छुपी वर्तमानपत्रं छापणं, ती गाडीतून, सायकलवरून, टोपलीतल्या भाजीखालून पोचवणं, लंडनला माहिती धाडणं. ज्या देशात वर्तमानपत्र आणि रेडिओ दोन्ही सरकारचं खोटं बोलतात, तिथं खरी बातमी हेच हत्यार असतं. बिदो बंदूकवाला माणूस नव्हता. तो लिहिणारा होता आणि त्याची गरज तिथंच होती. 'काँबा' या भूमिगत संघटनेत तो शिरला, आणि १९४२ मध्ये ज्याँ मुलँनं त्याला एक गुप्त वृत्तसंस्था चालवायला दिली.

हा मुलँ कोण? व्हिशीनं नोकरीवरून काढलेला एक प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरच्या तोलाचा अधिकारी. द गॉलनं त्याला फ्रान्समध्ये विमानातून पॅराशूटनं उतरवलं होतं, भूमिगत गटांची मोट बांधायला. काम महाकठीण. कम्युनिस्ट, समाजवादी, कॅथलिक, जुने उजवे, कामगार संघटना, प्रत्येकाचा वेगळा सवतासुभा. त्यातून १९४० मध्ये तोंड काळं केलेल्या जुन्या राजकीय पक्षांना घ्यायचं की नाही यावर भांडणं. लढतोय आम्ही आणि खुर्ची यांना कशाला, असा भूमिगत संघटनांचा सवाल होता. तो रास्तही होता.

तरी मुलँनं पक्ष घेतलेच, आणि त्याला कारण होतं. अमेरिकेच्या रूझवेल्टला द गॉल अजिबात नको होता. त्याच्या मते हा स्वतःला जोन ऑफ आर्क समजणारा, कोणी निवडून न दिलेला सेनापती. रूझवेल्टचा कल दुसऱ्या एका फ्रेंच सेनानीकडे, जनरल जिरोकडे होता. तेव्हा फ्रान्सच्या आतली सगळी ताकद आणि ओळखीचे सगळे पक्ष द गॉलच्या मागं आहेत, हे दाखवणं भाग होतं. निवडणूक तर घेता येत नव्हती. मग निवडणुकीच्या जवळात जवळ जाईल असं काय करता येईल? त्याचं उत्तर म्हणजे ही परिषद.

२७ मे १९४३ ला पॅरिसच्या र्यू द्यु फूर या रस्त्यावर ४८ नंबरच्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये पहिली बैठक झाली. आठ भूमिगत संघटना, सहा पक्ष, दोन कामगार महासंघ, प्रत्येकी एक प्रतिनिधी. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, नाकाखाली एवढी माणसं एका खोलीत. छापा पडता तर अख्खा प्रतिकार एका रात्रीत संपला असता. द गॉलला पाठिंबा देणारा ठराव बिदोनं मांडला आणि तो मंजूर झाला. तीन दिवसांनी द गॉल अल्जीयर्सला, म्हणजे तेव्हा फ्रेंचांकडे असलेल्या अल्जीरियाच्या राजधानीत, उतरला, ते हा ठराव पाठीशी घेऊनच.

महिना व्हायच्या आत, २१ जूनला, लियाँजवळच्या कालुईर इथं मुलँ पकडला गेला. छळानं त्याचा जीव गेला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. त्याला परिषदेतल्या सगळ्यांची नावं-गावं ठाऊक होती. सप्टेंबरमध्ये परिषदेनं आपला नवा अध्यक्ष निवडला: बिदो.

तोच का? एकतर तो कोणाच्या डोळ्यांवर येण्याइतका मोठा नव्हता. कॅथलिक असूनही कम्युनिस्टांना चालणारा होता. आणि मुख्य म्हणजे तो आतला होता. मुलँ द गॉलचा दूतही होता आणि परिषदेचा अध्यक्षही. आता ही दोन कामं वेगळी झाली. दूत द गॉलचा, अध्यक्ष परिषदेनं निवडलेला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाकडे मी बोट दाखवतो, कारण बिदोच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली असावी: आपला अधिकार द गॉलनं दिलेला नाही.

पुढचं वर्षभर सगळ्या परिषदेनं एकत्र बसणं जवळजवळ अशक्यच होतं. पाच जणांचं छोटं मंडळ काम हाकायचं आणि मसुदे हातोहात फिरायचे. अशाच फिरत्या कागदांतून १५ मार्च १९४४ ला परिषदेचा कार्यक्रम तयार झाला: सर्वांना सामाजिक सुरक्षा, मोठ्या बँका, विमा आणि वीज यांचं राष्ट्रीयीकरण, पैसेवाल्यांच्या मुठीतून सुटलेली वृत्तपत्रं. माणसं पकडली जातायत, गोळ्या घातल्या जातायत, आणि ही मंडळी पेन्शनचा विचार करतायत! मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात थोर वाटतो. एक मोठी उणीवही सांगितली पाहिजे. त्या कार्यक्रमात बायकांच्या मताधिकाराचा शब्द नव्हता. तो हक्क महिनाभरानं अल्जीयर्समधल्या द गॉलच्या राष्ट्रीय मुक्ती समितीनं दिला. हीच समिती पुढं हंगामी सरकार झाली.

नगरपालिकेच्या खिडकीपाशी

२५ ऑगस्ट १९४४. पॅरिस मोकळं झालं होतं. संध्याकाळी द गॉल शहरात आला तो सरळ परिषदेला भेटायला गेला नाही. आधी युद्धखात्याच्या इमारतीत गेला, जिथून जून १९४० मध्ये तो बाहेर पडला होता. मग पोलीस मुख्यालयात. सगळ्यात शेवटी पॅरिसच्या नगरपालिकेत, जिथं बिदो आणि बाकीचे ताटकळत होते. हा क्रम उगीच नव्हता. आधी सरकारी दफ्तर, मग चळवळ.

खाली चौकात माणसांचा पूर. बिदोनं भारावलेल्या आवाजात विनंती केली की जनरलनी खिडकीत उभं राहून जमलेल्या लोकांसमोर प्रजासत्ताकाची घोषणा करावी. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर याच इमारतीतून अशा घोषणा होत आल्या होत्या. १८४८ ला झाली, १८७० ला झाली. इतिहासाच्या मास्तराला हे तोंडपाठ असणारच.

द गॉलनं साफ नकार दिला. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं: प्रजासत्ताक कधी संपलंच नव्हतं, मी त्या प्रजासत्ताकाच्या सरकारचा प्रमुख आहे, मग घोषणा कशाची करू? आणि तो नुसता लोकांना हात करायला खिडकीपाशी गेला.

हा मानापमानाचा खेळ वाटेल, पण यात सगळं कायदेशास्त्र आहे. घोषणा केली असती तर मधली चार वर्षं प्रजासत्ताक नव्हतं, म्हणजे व्हिशी हेच फ्रान्सचं सरकार होतं, हे कबूल झालं असतं. मग व्हिशीची फर्मानं खरी आणि पेताँला सर्वाधिकार देणारा ठरावही खरा ठरला असता. शिवाय नव्या प्रजासत्ताकाला जन्म देणारी परिषद त्याची आई झाली असती, आणि द गॉल तिनं नेमलेला माणूस. पंधराच दिवसांपूर्वी, ९ ऑगस्टला, हंगामी सरकारनं वटहुकूम काढून व्हिशीचा संवैधानिक कारभार मुळापासून रद्दबातल ठरवला होता. द गॉल त्या कागदाला धरून चालला होता.

या भूमिकेची किंमत नंतर वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली. व्हिशी म्हणजे फ्रान्स नव्हेच असं एकदा ठरवलं, की व्हिशीच्या पापांशीही फ्रान्सचा संबंध उरत नाही. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यूंना पकडणारे पोलीस फ्रेंच होते. हे फ्रेंच राज्याचं कृत्य होतं, अशी राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून कबुली यायला १९९५ साल उजाडलं.

पॅरिस मोकळं झाल्यावर तीन दिवसांनी, २८ ऑगस्ट १९४४ ला, द गॉलनं परिषदेच्या पुढाऱ्यांना बोलावून त्यांचे आभार मानले आणि त्यांचं काम संपल्याचं सांगितलं. सशस्त्र गटांनी सैन्यात भरती व्हावं, परिषदेनं इतिहासात जावं. बिदोसारख्या माणसाला हे किती लागलं असेल! पण पुढच्याच पंधरवड्यात द गॉलनं त्याला परराष्ट्रमंत्री केलं. परिषद संपली, अध्यक्षाला मंत्रिमंडळात घेतलं. राजकारणात याला काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

२६ ऑगस्टच्या, पॅरिसच्या शाँज़-एलिज़े या हमरस्त्यावरच्या विजययात्रेच्या फोटोंत हे नातं स्वच्छ दिसतं. जवळजवळ साडेसहा फुटी द गॉल पुढं, आणि शेजारी त्याच्या खांद्यालाही न लागणारा बिदो.

मंत्री झाला, मग?

इथं मी भराभर पुढं जातो, कारण मंत्री बिदो हा भूमिगत बिदोएवढा मोठा नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये तो द गॉलबरोबर मॉस्कोला गेला आणि १० तारखेच्या पहाटे फ्रान्स-रशिया करार झाला. नव्यानं निघालेल्या एमआरपी या ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचा तो चेहरा बनला. ऑक्टोबर १९४५ मध्ये लोकांच्या मतांवर निवडून आला. म्हणजे आता त्याचा अधिकार भूमिगत काळातल्या पुण्याईवर उभा नव्हता, तो चारचौघा खासदारांसारखा होता. १९४६ मध्ये सहा महिने हंगामी सरकारचा प्रमुख झाला, १९४९-५० मध्ये पंतप्रधान. किमान वेतनाचा फेब्रुवारी १९५० चा कायदा त्याच्याच काळातला. १९४७ मध्ये मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोपला अमेरिकेनं देऊ केलेल्या मदतीच्या वेळी ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री बेविन याच्याबरोबर पश्चिम युरोपची बाजू त्यानं सांभाळली. युरोपच्या पुनर्बांधणीत त्याचा वाटा खरा आहे.

वसाहतींचा विषय निघाला की मात्र हाच माणूस दगड व्हायचा. एका परक्या सैन्याविरुद्ध चार वर्षं लढलेल्या फ्रान्सला दुसऱ्यांच्या देशात आपणही परकं सैन्य आहोत हे दिसत नव्हतं, आणि बिदो त्यात एकटा नव्हता. ८ मे १९४५ ला जर्मनीनं गुडघे टेकल्याचा आनंद साजरा होत असतानाच अल्जीरियातल्या सेतिफमध्ये स्वातंत्र्याच्या घोषणा झाल्या. दंगल पेटली, युरोपियन वसाहतवाले मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून फ्रेंच सैन्यानं हजारो अल्जीरियन मारले. १९४६ च्या उन्हाळ्यात व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह वाटाघाटींसाठी फ्रान्सला आला, तेव्हा सरकारप्रमुख बिदोच होता. बोलणी फिसकटली आणि वर्ष संपायच्या आत व्हिएतनाममध्ये युद्ध भडकलं.

त्या युद्धाचा शेवटही बिदोच्याच वाट्याला आला. ७ मे १९५४ ला व्हिएतनाममधला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हामध्ये इंडोचायनावरची परिषद सुरू व्हायची होती आणि फ्रान्सतर्फे बोलायला परराष्ट्रमंत्री बिदो उभा होता. हातात एकही पान नसताना त्याला डाव खेळायचा होता. महिन्याभरात सरकार पडलं. तह केला तो त्यानंतर आलेल्या पंतप्रधानानं. त्याचं नाव पिएर मांदेस फ्रान्स.

मांदेस फ्रान्सच्याच कारकिर्दीत, १ नोव्हेंबर १९५४ ला, पाँडिचेरी आणि इतर फ्रेंच वसाहतींचा कारभार शांतपणे भारताकडे आला. आणि त्याच दिवशी पहाटे अल्जीरियात ठिकठिकाणी स्फोट झाले. स्वातंत्र्ययुद्धाची ती सुरुवात होती.

दुसरी परिषद

पाँडिचेरी सोडणं आणि अल्जीरिया सोडणं यांत फ्रेंचांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक होता. अल्जीरिया कागदोपत्री वसाहत नव्हतीच. तिथले जिल्हे फ्रान्सचेच जिल्हे मानले जायचे. सुमारे दहा लाख युरोपियन वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहत होते. उरलेले नव्वदएक लाख मुसलमान नावापुरते फ्रेंच होते, हक्कांच्या बाबतीत दुय्यम.

मे १९५८ मध्ये अल्जीयर्समध्ये सैन्य आणि वसाहतवाल्यांनी उठाव केला, पॅरिसचं सरकार डळमळलं आणि द गॉल परत आला. बिदोनं त्याला पाठिंबा दिला. अल्जीरिया राखेल तर हाच, असा हिशेब होता. जूनमध्ये मोस्तागानेमच्या सभेत द गॉलच्या तोंडून 'फ्रेंच अल्जीरिया चिरायू होवो' असे शब्दही निघाले. पुढच्या वर्षी, १६ सप्टेंबर १९५९ ला, त्याच द गॉलनं जाहीर केलं की अल्जीरियाचं भवितव्य तिथले लोक ठरवतील.

बिदोच्या लेखी हा विश्वासघात होता. आणि इथं त्याच्या डोक्यातलं जुनं यंत्र सुरू झालं. १९४० मध्ये एका म्हाताऱ्या सेनानीनं देशाचा मुलूख शत्रूला दिला होता, संसद मान डोलावत होती, जनता थकून गप्प होती. १९६२ मध्ये पुन्हा एक म्हातारा सेनानी देशाचा मुलूख देतोय, संसद मान डोलावतेय, जनता थकलीय. तेव्हा कायदा मोडणारे आम्हीच खरे होतो, मग आता का नाही?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातले काही मुद्दे खरे आहेत. द गॉल बदलला होता हे खरं. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी करणाऱ्या एव्हियाँच्या कराराला मान्यता देणारं ८ एप्रिल १९६२ चं सार्वमत फक्त मूळ फ्रान्समध्ये घेतलं गेलं आणि ज्यांची घरंदारं जाणार होती त्या अल्जीरियातल्या लोकांना त्यात मत नव्हतं, हेही खरं. फ्रेंच सैन्यासाठी लढलेल्या हजारो अल्जीरियन मुसलमानांना मागं सोडून देण्यात आलं आणि त्यांचे भयंकर हाल झाले, तेही खरंच.

पण १९४० चं गणित इथं लागू होत नाही, ते का, हे पाहण्यासारखं आहे. पेताँनं जनतेला एकदाही विचारलं नव्हतं. द गॉलनं विचारलं. ८ जानेवारी १९६१ च्या सार्वमतात स्वयंनिर्णयाला सुमारे ७५ टक्के मतं पडली, आणि त्या वेळी मतदान अल्जीरियातही होतं, तिथलाही कौल होकाराचाच होता. एप्रिल १९६२ मध्ये नव्वद टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले. वर्तमानपत्रं चालू होती, विरोधक बोलत होते, बिदो स्वतः खासदार होता आणि संसदेत उभं राहून हवं ते म्हणू शकत होता. पॅरिसमध्ये परकं सैन्य नव्हतं. परकं सैन्य होतं ते अल्जीयर्समध्ये, आणि ते फ्रेंच होतं. १९४० च्या आरशात पाहायचंच होतं तर बिदोला स्वतःचा चेहरा भलत्या बाजूला दिसायला हवा होता. तो त्याला दिसला नाही.

दुसऱ्या एकाला तो दिसला. पॉल तैत्जाँ हा प्रतिकारातलाच माणूस. गेस्टापोचा मार खाल्लेला, नाझींच्या छळछावणीतून परतलेला. १९५६-५७ मध्ये तो अल्जीयर्सला पोलीस खात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. छत्रीधारी सैनिकांनी पकडलेल्या अल्जीरियन कैद्यांच्या अंगावर त्याला ज्या खुणा दिसल्या, त्या त्याच्या ओळखीच्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः त्या सोसल्या होत्या. हे त्यानं १९५७ मध्ये आपल्या राजीनामापत्रात लिहिलं. ताब्यात घेतलेल्या ३,०२४ माणसांचा पत्ताच लागत नाही, असा हिशेबही त्यानं मांडला. एकाच प्रतिकारातून आलेले दोघं, दोघांचंही मूळ कॅथलिक वर्तुळातलं. एकानं प्रतिकारातून कोणाची सत्ता झुगारायची हे लक्षात ठेवलं, दुसऱ्यानं माणसाशी काय करायचं नसतं हे.

एप्रिल १९६१ मध्ये चार निवृत्त सेनापतींनी अल्जीयर्समध्ये बंड केलं, ते चार दिवसांत फसलं. त्यातून फुटलेले लोक ओएएस या गुप्त सशस्त्र संघटनेत जमले. अल्जीरियात आणि फ्रान्समध्ये त्यांनी स्फोट आणि खून यांचा धडाका लावला. ७ फेब्रुवारी १९६२ ला पॅरिसला लागून असलेल्या बुलोनमध्ये मंत्री आंद्रे मालरो राहत होता त्या इमारतीत बॉम्ब फोडला गेला. मालरो घरी नव्हता. खालच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलीचा डोळा गेला. मालरो स्वतः जुना प्रतिकारवाला, हे वेगळंच. ७ जूनला अल्जीयर्स विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. आपण जातोय तर मागं काही ठेवायचं नाही, असा तो हिशेब.

ओएएसचा म्होरक्या जनरल सालाँ एप्रिल १९६२ मध्ये पकडला गेला आणि राजकीय नेतृत्वाची जागा रिकामी झाली. ती बिदोनं नव्या राष्ट्रीय प्रतिकार परिषदेच्या नावानं भरली. त्याच्याबरोबर जाक सुस्तेल होता, तोही युद्धकाळात द गॉलच्या गुप्तचर यंत्रणेत मोठ्या जागेवर असलेला माणूस. नाव तेच ठेवण्यामागं हिशेब होता: लोकांनी ऐकताक्षणी पहिली परिषद आठवावी. पण पहिल्या परिषदेत सोळा संस्था होत्या, एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या, आणि तरी एका टेबलाशी बसलेल्या. दुसऱ्या परिषदेमागं एक हरलेली बाजू तेवढी होती.

जुलै १९६२ मध्ये बिदोचं संसदीय संरक्षण काढून घेतलं गेलं आणि अटकेचं फर्मान निघालं. इटली, जर्मनी, पोर्तुगाल असं फिरत १९६३ मध्ये तो ब्राझीलला पोचला. ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळच्या प्ती-क्लामारला द गॉलच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तो वाचला आणि हल्ल्याचा सूत्रधार लेफ्टनंट कर्नल बास्तियाँ-तिरीला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. बिदोवर खटला कधी चाललाच नाही.

१९ डिसेंबर १९६४ ला ज्याँ मुलँच्या नावानं अस्थिकलश पॅरिसच्या पाँतिऑनमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थळात, समारंभानं ठेवला गेला. भाषण मालरोनं केलं, द गॉल समोर उभा होता. मुलँच्या खुर्चीवर त्याच्यानंतर बसलेला माणूस तेव्हा दक्षिण अमेरिकेत होता. पुढच्या वर्षी त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'एका प्रतिकाराकडून दुसऱ्या प्रतिकाराकडे'. म्हणजे दोन्हींमध्ये एक सरळ रेघ आहे, हे त्याचं म्हणणं अखेरपर्यंत कायम होतं.

परतीची वाट उघडली ती मे १९६८ मध्ये. विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावानं द गॉलचं सरकार हादरलं आणि त्याला उजव्यांची व सैन्याची गरज पडली. जूनमध्ये सालाँ तुरुंगातून सुटला, बेल्जियममध्ये येऊन राहिलेला बिदो फ्रान्सला परतला. जुलैमध्ये सर्वमाफीचा कायदा झाला. त्यानंतर त्याला राजकारणात पाय रोवता आले नाहीत. २७ जानेवारी १९८३ ला काँबो-ले-बँ या गावी तो वारला. त्याच्या पहिल्या परिषदेनं कागदावर लिहिलेली सामाजिक सुरक्षा योजना फ्रान्समध्ये आजही चालू आहे, आणि पेन्शनच्या वयावरून तिथं मोर्चे निघतात तेव्हा मार्च १९४४ च्या त्या कार्यक्रमाचा हवाला हटकून दिला जातो.